उभ्या झाडाचे मोल केवळ घेरावर ठरू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उभ्या झाडाची किंमत ठरवताना बहुतेक वेळा छातीच्या उंचीवरचा घेर आणि खोडाची लांबी हे दोनच आकडे पाहिले जातात. त्यांवरून लाकूड किती निघेल याचा अंदाज बांधता येतो. ते कोणत्या प्रतीचे निघेल, हे मात्र करवत चालल्यावरच कळते. चौथाई घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणण्याची जुनी रीत तर अगदी गोल व सरळ ओंडक्याचेही सुमारे ७८.५ टक्केच घनफळ दाखवते. ही घट चिराईतील नासाडीपोटी धरली आहे असे मानले, तरी ती सरळ आणि वाकड्या खोडांना सारखीच लागू होते, हा तिचा मोठा दोष आहे.

जमिनीवरून केल्या जाणाऱ्या लेसर स्कॅनिंगने ही उणीव बरीचशी भरून निघते. तिपाईवरचे यंत्र चहूकडे लेसर किरण सोडते, ते खोडावर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढते आणि लाखो बिंदूंतून झाडाची त्रिमितीय आकृती तयार होते. एका जागेवरून खोडाची एकच बाजू दिसत असल्याने यंत्र झाडाभोवती तीन-चार ठिकाणी मांडावे लागते, आणि वारा असेल तर फांद्यांची आकृती पुसट येते. एवढे पथ्य पाळले, की खोडाचा बाक, निमुळतेपणा, कल, छेदाचा लंबगोलपणा आणि पहिल्या फांदीची उंची झाड न तोडता मोजता येते. कललेल्या खोडात ताण-दाबामुळे वेगळ्या धाटणीचे लाकूड तयार होते, सूचिपर्णी वृक्षांत खालच्या बाजूला आणि रुंदपर्णी वृक्षांत बहुधा वरच्या. असे लाकूड वाळताना वाकते. गुळगुळीत सालीच्या झाडांवर तर गळून गेलेल्या फांद्यांचे व्रणही टिपता येतात. खोड जाड होत जाते तसा व्रण आडवा रुंदावतो, पण त्याची उंची फारशी बदलत नाही. म्हणून या दोहोंच्या प्रमाणावरून आतली गाठ किती खोल गाडली गेली आहे याचा अंदाज करता येतो. मला या तंत्राचा हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण फळीची प्रत अनेकदा गाठींवरच ठरते.

तथापि लेसर सालीच्या आत शिरत नाही. गाभ्यातली कुज, बाहेरून न दिसणारी पोकळी, लाकडाची घनता यांबद्दल तो काहीही सांगू शकत नाही. आतल्या लाकडाचा अंदाज घेण्यासाठी खोडात दोन खुंट्या ठोकून हातोडीच्या आघाताचा ध्वनी किती वेगाने जातो हे मोजावे लागते. त्या वेगाचा वर्ग आणि घनता यांच्या गुणाकारावरून लाकडाचा ताठरपणा काढतात. केवळ स्कॅनच्या आधारे झाडाला ‘उत्तम प्रत’ असा शिक्का देणे खरेदीदाराची दिशाभूल करणारे ठरेल.

म्हणून उभ्या झाडांच्या लिलावात ही पद्धत आणणाऱ्यांनी आधी स्कॅन केलेल्या काही झाडांच्या ओंडक्यांना क्रमांक देऊन ते चिराईपर्यंत जपावेत आणि यंत्राचा अंदाज प्रत्यक्ष निघालेल्या फळ्यांशी पडताळून तो जाहीर करावा, तसेच स्कॅनची मूळ नोंद झाड विकणाऱ्यालाही बोलीपूर्वी पाहायला मिळावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक