गोळी बदलायची तर दिवस राहण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय अपस्मार दिनानिमित्त 17 नोव्हेंबरला आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा, गोळ्या मनाने बंद करू नका, हे सगळं त्यात नीट सांगितलं होतं. पण फिटच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींना जे सर्वांत आधी सांगायला हवं, की यातली एक गोळी पोटातल्या बाळाला इजा करू शकते आणि ती बदलायची तर दिवस राहण्याआधीच, त्याचा उल्लेखही नव्हता. मी फार्मासिस्ट आहे, कराड तालुक्यात 22 वर्षं औषधाचं दुकान चालवते, म्हणून राहवलं नाही.

चार वर्षांपूर्वी नागपंचमीला माहेरी आलेली एक मुलगी दुकानात आली. ती नववीत असल्यापासून तिच्या सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या तिचे वडील माझ्याकडूनच न्यायचे. चिठ्ठी तीच, घडीवर फाटलेली, डोसही तोच. त्या दिवशी तिने नेहमीच्या पट्ट्या घेतल्या, दुकान रिकामं होईपर्यंत थांबली आणि मग हळूच प्रेग्नन्सी किट मागितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. "काकू, दोन रेघा आल्या. आता या गोळ्या चालतील का?" पाळी चुकून तीन आठवडे झाले होते. मी मनात दिवस मोजले आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

का, ते सांगते. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात पेशींचा एक सपाट पापुद्रा तयार झालेला असतो. त्याच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि करंजीच्या कडा दाबत न्याव्यात तशा जुळत जातात. त्यातून एक नळी होते, आणि तिच्यापासूनच मेंदू आणि मज्जारज्जू घडतो. 28 व्या दिवसाच्या सुमारास या नळीची दोन्ही टोकं मिटलेली असतात. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी घडत नाही, ते बाळ जगत नाही. खालचं राहिलं तर पाठीचा कणा उघडा राहतो, आणि मग पायांत बळ नसणं, लघवीवर ताबा नसणं हे जन्मभराचं होऊन बसतं. पाळी चुकते तीच मुळी गर्भ राहिल्यापासून 14 व्या दिवसाच्या आसपास. पुढे आठ-पंधरा दिवस वाट पाहण्यात जातात, मग किट, मग दवाखाना. म्हणजे बाई डॉक्टरांसमोर बसते तेव्हा हे काम बहुधा आटोपलेलं असतं.

व्हॅल्प्रोएट नेमकं या कामात अडथळा आणतं. पेशीतली कोणती जनुकं केव्हा उघडायची आणि केव्हा मिटायची, हे ठरवणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइम्सपैकी) एका गटाला ते अडवतं. फॉलिक ॲसिडच्या वापरातही ते ढवळाढवळ करतं. सर्वसाधारणपणे हजारात एखाद्या गर्भात दिसणारा पाठीच्या कण्याचा दोष या औषधावर शंभरात एक ते दोन गर्भांत दिसतो. अनेक देशांतल्या 7355 गर्भारपणांच्या नोंदींचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत मोठे जन्मदोष 10.3 टक्के होते, तर फिटच्याच दुसऱ्या गोळ्यांपैकी लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्यांत 2.8 टक्के आणि लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांत 2.9 टक्के. डोस वाढला की व्हॅल्प्रोएटचा धोका आणखी चढतो. शिवाय जन्मतः धडधाकट दिसणाऱ्या बाळांपैकीही बरीच बोलायला, शिकायला मागे पडतात. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक सहाव्या वर्षी, फिटच्या दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्या आयांच्या मुलांपेक्षा सरासरी 7 ते 10 गुणांनी कमी भरल्याचं दिसलं आहे.

हे सांगताना मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची. हे वाचून एखादी गरोदर मुलगी आज रात्रीपासून गोळ्या थांबवेल. कृपा करून तसं करू नका. अचानक गोळी सोडली की एकामागून एक फिट येऊ शकतात, त्यात आईचाही जीव जाऊ शकतो आणि बाळाचाही. फिट येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुलं होतात, हेही तितकंच खरं. आणि व्हॅल्प्रोएट हे टाकाऊ औषध नाही. वयात येताना सुरू होणारा फिटचा एक प्रकार असतो, सकाळी उठल्यावर हातांना झटके येतात, हातातला कप उडतो. त्यावर या गोळीइतकं गुणकारी दुसरं फार थोडं आहे. पण म्हणूनच ती नेमकी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना सुरू होते आणि कुणी पुन्हा विचार करत नाही. गोळी बदलायला मेंदूविकारतज्ज्ञांना महिनोन् महिने लागतात. नवी हळूहळू चढवायची, जुनी हळूहळू उतरवायची, फिट आटोक्यात राहते का ते पाहायचं. हा वेळ लग्नाआधी, निदान दिवस राहण्याआधीच मिळू शकतो.

आणि तोच वेळ आपल्याकडे लपवण्यात जातो. फिटचं सासरी कळू द्यायचं नाही, गोळ्या कुंकवाच्या डबीशेजारी नाहीतर पर्सच्या आतल्या कप्प्यात. घरच्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही, कारण 1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच वारंवार फिट येणं हे विवाह रद्द ठरवण्याचं कारण होतं. कायद्यातून तो शब्द गेला, लग्नाच्या बैठकीतून गेलेला नाही. नवऱ्यापासून लपवून गोळी घेणारी मुलगी तज्ज्ञांकडे जाणार कशी? नव्या नवरीचं नाव वहीत लिहिणाऱ्या आशाताईंना ती काय सांगणार? आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन या फिटच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला माला-डीसारखी गर्भनिरोधक गोळी पुरी पडत नाही, कारण ही औषधं तिचा असर लवकर संपवतात. "गोळी घेत होते तरी राहिलं" म्हणत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

व्हॅल्प्रोएट फ्रान्समध्ये 1967 मध्ये बाजारात आलं. 1982 मध्ये तिथल्याच लियॉं शहरातून कण्याच्या दोषाचा इशारा दिला गेला. तरी ब्रिटनमध्ये कडक नियम यायला 2018 उजाडलं. आता तिथे मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रीला हे औषध द्यायचं तर दरवर्षी तज्ज्ञांनी तिला धोका समजावून फॉर्मवर सही घ्यायची असते, आणि फार्मासिस्टने दर वेळी तिच्या हातात इशाऱ्याचं कार्ड द्यायचं असतं. ऑक्टोबर 2023 पासून तर गोळ्या कंपनीच्या मूळ पूर्ण पाकिटातच द्याव्या लागतात, म्हणजे इशारा मध्येच गळत नाही. हे वाचलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. मी वर्षानुवर्षं पट्टी कापून दहा गोळ्या दिल्या आणि माहितीपत्रक खोक्यात तसंच राहिलं. त्या मुलीच्या वडिलांना "एकदा डॉक्टरांना दाखवून या, मुलगी मोठी झाली" एवढं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मूल होण्याच्या वयातल्या मुली-स्त्रियांना व्हॅल्प्रोएट सुरू करू नये असं स्पष्ट सांगितलं. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1998 पासून फिट आणि गर्भारपणाच्या नोंदी ठेवल्या जातात, म्हणजे जाणकार आपल्याकडेही आहेत. तालुक्याच्या गावी मात्र जुनी चिठ्ठी दाखवून तेच औषध वर्षानुवर्षं मिळत राहतं.

त्या मुलीला मी तेव्हा गोळी न थांबवता दुसऱ्याच दिवशी पुण्याला तज्ज्ञांकडे जायला सांगितलं. ती गेली. सोनोग्राफीत कणा नीट दिसला, मुलगा झाला, पेढे आले. तो तीन वर्षांचा झाला तरी दोन शब्दांचं वाक्य बोलत नव्हता. गोळीमुळेच, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि मीही सांगणार नाही. पण ती मला विचारते, "काकू, आधी कळलं असतं तर?" आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

आता माझ्या दुकानात फिटच्या गोळ्यांच्या प्रत्येक पिशवीत मी मराठीत छापलेली चिठ्ठी टाकते. लग्न ठरत असेल किंवा मूल हवं असेल तर निदान सहा महिने आधी तज्ज्ञांना भेटा, तोवर गोळी चुकवू नका, फॉलिक ॲसिड किती घ्यायचं ते त्यांनाच विचारा. फिट असणाऱ्या बायकांना बहुतेकदा नेहमीपेक्षा बरंच जास्त, 5 मिलिग्रॅम, देतात, पण ते घेतलं म्हणून व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही. माझी चिठ्ठी महिन्याला तीस-चाळीस घरांत जाते. आपलं दैनिक किती घरांत जातं! दरवर्षी तुळशीच्या लग्नानंतर आपली लग्नसराईची पुरवणी निघते. शालू, दागिने, मंगल कार्यालयांच्या त्या पानांत एवढ्याच मजकुराची एक चौकट टाकाल का? मजकूर मी लिहून पाठवते, आपण एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

आपली,
एक फार्मासिस्ट, ता. कराड, जि. सातारा