सॅक्सोफोन नव्हे, ट्रॉम्बोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या लाडांवरचा लेख वाचला. कुत्र्यांचे वाढदिवस, मांजरांचे केक, सगळं हसत हसत वाचत आलो आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात अडकलो. अमेरिकेतल्या एका संगीतकाराने म्हणे मेलेल्या कुत्र्यासाठी सॅक्सोफोनवर शोकगीत रचलं, आणि 'त्यात भुंकण्याचाही आवाज असेलच' असं म्हणून लेखक पुढच्या ओळीत मांजरांच्या स्वेटरकडे वळले. शेजारी सॅक्सोफोनचा चांगला मोठा फोटो.

साहेब, त्या शोकगीताचं वाद्य ट्रॉम्बोन आहे. पोलीस बँडमध्ये मी एकतीस वर्षं तेच वाजवलं, म्हणून राहवत नाही. सॅक्सोफोन पितळेचा दिसतो, पण त्याच्या तोंडाशी वेताची पट्टी असते. ती थरथरते तेव्हा सूर निघतो. म्हणून त्याची सोयरीक क्लॅरिनेटशी. ट्रॉम्बोनमध्ये पट्टीबिट्टी काही नाही, थरथरायचं ते आपल्याच ओठांनी. नेहमीच्या ट्रॉम्बोनला ट्रम्पेटसारखी बटणंही नसतात. लांब नळी पुढे-मागे सरकवायची, तिच्या सात जागा, आणि त्या जागांवर कुठेही खूण केलेली नसते. कान सांगेल तिथे हात थांबवायचा. अर्धा बोट चुकलं की सगळ्या मैदानाला कळतं.

आता त्या रचनेबद्दल. संगीतकाराचं नाव लेनर्ड बर्नस्टाइन. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या मोठ्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला तोच. १९४८ साली, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने ज्युलियार्ड म्युझिकल फाउंडेशनच्या सांगण्यावरून पितळी वाद्यांसाठी पाच छोट्या रचना केल्या. प्रत्येकीला एकेका कुत्र्याचं नाव. ट्रम्पेटची रचना लाइफीची. हा ज्युडी हॉलिडे या नटीचा स्काय टेरियर जातीचा कुत्रा. चार पितळी वाद्यांनी मिळून वाजवायची तुतारी, म्हणजे इंग्रजीत फॅनफेअर, आहे ती बिमाची. बिमा म्हणजे बर्नस्टाइनचे गुरू सर्गे कुसेवित्स्की यांचा कॉकर स्पॅनियल. त्या घरात बिमाला हाक मारायची ती शीळ घालून. गुरूच्या घरातली ती शीळ शिष्याने उचलली आणि तिचीच तुतारी केली. हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो होतो.

उरलेल्या तीन रचना मिप्पीच्या. बर्नस्टाइनचा धाकटा भाऊ बर्टन याच्याकडे एकामागून एक तीन गावठी कुत्री होती आणि तिघांचंही नाव मिप्पी. पहिल्या मिप्पीची विलापिका फ्रेंच हॉर्नला, दुसऱ्याची ट्रॉम्बोनला. तिसऱ्याला मात्र विलापिका नाही, ट्यूबावर वॉल्ट्झ आहे. मी माझ्यापुरता अर्थ असा लावतो की पहिले दोघे गेले होते आणि तिसरा तेव्हा घरात पायात पायात येत असणार. ट्यूबासारखं पिंपाएवढं वाद्य तीन मात्रांत नाचवायचं, म्हणजे कुत्रंही चांगलं धष्टपुष्ट असावं. हा माझा तर्क, पुरावा मागू नये.

या पाचांत हॉर्न, ट्रम्पेट आणि ट्यूबा यांच्या साथीला पियानो आहे. ट्रॉम्बोनला कोणी नाही. दुसऱ्या मिप्पीसाठी एकच माणूस उभा राहतो आणि एकटा वाजवतो, जेमतेम दोन-अडीच मिनिटं. साथीला काय, तर वाजवणाऱ्याचा स्वतःचा पाय. कागदावर तशी स्पष्ट सूचना आहे: मात्रेमात्रेला, चार मात्रांचा, पायाने ठेका द्यावा, फार मोठा नको आणि फार हळूही नको. भुंकणं कुठेही नाही. मला विचाराल तर ते रडगाणंही नाही. चाल ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांच्या, अंगाची आहे, जरा रेलून चालणारी. संध्याकाळी कुत्र्याला फिरवून आणणारा माणूस आज रिकाम्या हाताने निघालाय, तशी.

हा कागद माझ्याकडे कसा आला ते सांगतो. आमचे बँडमास्तर गोव्याचे, सासष्टीकडचे. चर्चच्या शाळेत लहानपणी सोलफा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, शिकलेले. गोव्यातल्या किती वादकांनी या शिक्षणाच्या जोरावर मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले, ते जुन्या माणसांना माहीत आहे. मास्तर मात्र पोलिसात आले आणि आमच्या नशिबी आले. १९८७च्या पावसाळ्यात एक दिवस तालीम संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि हाताने उतरवलेला एक कागद पुढे केला. वर इंग्रजीत नाव, खाली शाईचे काळे टिपके. म्हणाले, "हे मार्चच्या पायाने वाजवू नकोस."

मला वाटलं, चार मात्रांचा ठेका म्हणजे डाव्या हाताचा खेळ. परेडला आम्ही दुसरं करतो काय? पण परेडचा पाय सगळ्यांचा असतो. बिगड्रमवाला ठोकतो, शंभर बूट पडतात, त्यात तुझा पाय आपोआप पडतो. इथे पाय एकट्याचा. आणि सूर मुद्दाम मात्रेच्या जरा मागे-पुढे रेंगाळतात. तोंडाने रेंगाळायचं आणि पायाने रेंगाळायचं नाही. आठ दिवस माझा पाय तोंडाच्या मागे पळत होता. मास्तर खुर्चीवर बसून चहा पीत ऐकायचे आणि पाय चुकला की बशी वाजवायचे.

आणखी एक गोष्ट कळली ती श्वासाची. बँडमध्ये एकाने दम घेतला की शेजारचा सूर धरून ठेवतो, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. एकट्याने वाजवताना दम घेतला की तिथे भोक पडतं, आणि त्या भोकात फक्त पायाचा आवाज ऐकू येतो. ठप्. ठप्. पहिल्यांदा मी ते ऐकलं आणि वाजवायचाच थांबलो. मास्तर म्हणाले, "आता समजलं?" मी हो म्हटलं. खरं तर ते समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

लेखात असंही सुचवलं होतं की कुत्र्यासाठी शोक करणं हे आपल्याकडचं नाही. आमच्या तालीमखोलीत, ड्रम ठेवायच्या फळीच्या वर, दत्ताची तसबीर होती. पायाशी चार कुत्री. दर गुरुवारी आमच्यातलाच एक हवालदार तिला हार घालायचा. कुत्र्याने पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव महाराजही आपलेच. याहून जास्त बोलत नाही. मी वाजंत्री माणूस आहे, कीर्तनकार नव्हे.

आमच्या घरीही तीन मोती झाले. पहिला गावाकडे, वडिलांचा. दुसरा पोलीस लाइनीत. मी स्लाइड ओढून दोन सूर जोडले की तो मान वर करून सूर लावायचा. एरवी शांत, नळी सरकताना मात्र हमखास. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा त्याचाच सूर बरा लागतोय." तिसरा निवृत्तीनंतरचा, बारा वर्षांचा होऊन दोन वर्षांपूर्वी आषाढात गेला. मुलाने आणि मी परसात शेवग्याखाली खड्डा काढला. जमीन ओली होती, वेळ लागला नाही.

चार-पाच दिवसांनी दुपारी कपाटावरून पेटी काढली. स्लाइड अडकत होती, तिला तेलपाणी केलं. मधल्या काळात माझे वरचे पुढचे दात गेले आहेत आणि कवळी आली आहे. ज्याने पितळी वाद्य वाजवलंय त्याला सांगायला नको की तोंडाशी वाद्य टेकतं ते ओठांवर, पण त्याचा भार घेतात दात. कवळी हलते, ओठ घसरतो. पहिला सूर निघाला तो म्हशीसारखा. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "भाऊजी, कुणाची वरात हाय का?" मी नाही म्हणालो.

चप्पल घालून पाय आपटला तर फटक्-फटक् आवाज येतो, अनवाणी आपटला तर शहाबादी फरशीवर काहीच ऐकू येत नाही. शेवटी माळ्यावरून नोकरीतले बूट काढले. लुंगीवर बूट चढवून मी पडवीत बसलो आणि मास्तरांचा कागद शेवग्याच्या दिशेने टेकवून ठेवला. अर्ध्यावर दम संपला. थांबलो, पण पाय चालू ठेवला. आठ मात्रा नुसता पाय. मग उरलेलं वाजवलं. बर्नस्टाइनने अशी जागा ठेवलेली नाही, ती माझी भर.

या पाच रचना १९५९ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजल्या. तिथे दोन-अडीच मिनिटं एक ट्रॉम्बोनवाला एकटा उभा राहिला आणि सगळं सभागृह त्याचा पाय ऐकत बसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे लग्नात क्लॅरिनेटवाल्यावरून नोटा ओवाळतात, ट्रम्पेटवाल्याच्या खिशात खोचतात. ट्रॉम्बोनवाल्याची नळी लांब, म्हणून त्याच्यापासून लोक चार हात दूरच उभे राहतात. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत इतके नावाजलेले बँड वाजतात. त्यातल्या मागच्या रांगेतल्या एखाद्या माणसाला, आपल्या वाद्याचा आवाज एकटा कसा लागतो, हे शेवटचं कधी ऐकायला मिळालं असेल?

तेव्हा वाद्याची दुरुस्ती तेवढी छापावी, ही विनंती. जमल्यास योग्य फोटोसह. लेखाच्या लेखकांवर माझा राग नाही. ते कधी साताऱ्याकडे आले तर त्यांनी जरूर घरी यावं, मी वाजवून दाखवीन. फक्त यायच्या आधी फोन करावा. कवळी घट्ट बसवायला आणि बूट चढवायला मला आता अर्धा तास लागतो.

आपला,
पोलीस बँडमधला एक निवृत्त ट्रॉम्बोनवादक, सातारा