दत्तास पत्र

प्रिय दत्ता,

परवा फोनवर आवाज उतरवून तू विचारलंस, "लिंगाला ताठरता येत नाही, त्यावरची चांगली गोळी कुठली रे?" सूनबाई समोर होती, मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी तुझं. दिवाळीत आमचा जिना चढून आलास, घाम पुसलास आणि खिशातल्या डबीतली सॉर्बिट्रेट, छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी, जिभेखाली ठेवलीस. ती आणि ताठरतेच्या गोळ्या एकत्र आल्या की रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस हातचा जाऊ शकतो. या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतली तर निदान 24 तास आणि टॅडालाफिल घेतली तर 48 तास सॉर्बिट्रेट चालत नाही. मधेच छातीत कळ आली तर काय करशील? तेव्हा मेडिकलवाल्याकडून परस्पर काही आणू नकोस. ताकदीच्या 'आयुर्वेदिक' कॅप्सूलही नकोत, त्यांत सिल्डेनाफिल चोरून घातलेली अनेकदा सापडली आहे.

आता माझं. साखर निघाल्यावर काही वर्षांनी हा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी सिल्डेनाफिल 50 दिली. छातीच्या दुखण्यावर औषध शोधताना हाती लागलेली ही गोळी 1998 मध्ये अमेरिकेत या कामासाठी मंजूर झाली. मी ती रविवारी मटणाच्या जेवणावर घेतली. काहीच झालं नाही. हिच्याकडे पाठ करून रात्रभर जागा होतो, दत्ता. संपलं सगळं, असं वाटलं. नंतर डॉक्टरांनी समजावलं: तेलकट जेवणावर ती उशिरा लागते, हलक्या पोटी तासभर आधी घ्यायची. आणि मनात ओढ नसेल तर गोळी एकटी काही करत नाही. पुढे गुण आला, पण तोंड लाल व्हायचं, डोकं धरायचं आणि सारखं घड्याळाकडे लक्ष.

आता रोज टॅडालाफिल 5 घेतो. जेवणाची अडचण नाही, वेळ गाठायची धास्ती नाही. प्रोस्टेटमुळे रात्री तीनदा उठायचो, तेही कमी झालं. सुरुवातीला कंबर आणि मांड्या मात्र दुखल्या. मोठी, 20 ची एक गोळी 36 तासांपर्यंत पुरते. वार्डेनाफिल साधारण सिल्डेनाफिलसारखीच. अ‍ॅव्हानाफिल लवकर लागते म्हणतात, मी घेतलेली नाही.

तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड आधी तिथे दिसू शकतो. म्हणून हे तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांना कळायलाच हवं. तू त्यांना सांगितलेलं नाहीस, हे मला फोनवरच कळलं. पुढच्या तपासणीला मी येतो. तू आत बोल, मी बाहेर बाकावर बसतो. तारीख कळव.

तुझा,
वसंत