रुग्णाचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न.

मी सांगलीचा हौशी नट. राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं तोंडाला रंग लावला. गेल्या महिन्यात मात्र एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या परीक्षेत विद्यार्थ्यांसमोर रुग्णाची बिनरंगाची भूमिका केली आणि एका सकाळीत बारा प्रयोग झाले.

वय 58, जुनी शुगर, अंगठ्याला पट्टी. संहितेत एक अट होती : विचारलं तरच सांगायचं. मुलाची नोकरी गेल्यापासून मी गोळ्या एक दिवसाआड घेतो, हे बाराजणांपैकी एकीनेच माझ्याकडून काढून घेतलं. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “काका, गोळ्या परवडतात का?” बाकीचे ‘पथ्य पाळता का?’ हे कागदालाच विचारत होते. एकाने तर पट्टीखाली काय आहे, हेही विचारलं नाही!

सहा मिनिटांनी घंटा, की पुढचा विद्यार्थी. प्रत्येकाच्या वाट्याला तेच कण्हणं, तेवढंच यायला हवं. रंगात येऊन एखाद्यापुढे जास्त विव्हळलो, तर बाकीच्यांवर अन्याय. नाट्यपंढरीत वाढलेल्या माणसाला हे आवरणं फार जड गेलं.

ही कल्पना नवी नाही. 1963 मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला शिकवून रुग्ण केलं होतं. खऱ्या आजाऱ्याचं पोट परीक्षेसाठी वीस-वीस मुलांनी दाबण्यापेक्षा हे बरं, नाही का? आपल्याकडेही 2019 पासून एमबीबीएसला संवादकौशल्य रीतसर शिकवायचं आहे.

तक्रार एवढीच, की कोपऱ्यात बसलेले परीक्षक ‘नाव विचारलं’, ‘हात धुतले’ अशा खुणा करत होते. रुग्णाला काय वाटलं, याचा रकाना त्या कागदावर नव्हता. मला कोणी विचारलंही नाही. त्या मुलीला मी दहापैकी दहा दिले असते. पट्टीकडे न बघणाऱ्या मुलाला मात्र बाजूला घेऊन दोन शब्द सांगायचे होते. तोवर घंटा झाली.

महाविद्यालयांनी गावोगावच्या नाट्यसंस्थांना जरूर बोलवावं. गुणपत्रिकेत दोन गुण रुग्णाच्या हाती ठेवावेत आणि तालमीसकट मानधन द्यावं. मला शाल-श्रीफळ मिळालं. नारळाची चटणी झाली; शाली घरात आधीच चार आहेत.

– एक हौशी रंगकर्मी, सांगली