आमच्या मिस्त्री मामांना जाहीर धन्यवाद

मामा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही हे ठाऊक आहे मला, नातू वाचून दाखवेल. नाव घालू नका म्हणालात म्हणून घालत नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याला ओळखायचं तो ओळखेलच. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते असू दे वैनी, सकाळी ऑईल बघितलं का" म्हणून विषयच बदलता, मग म्हणलं चारचौघांत लिहावं, म्हणजे मधेच तोडता येणार नाही तुम्हाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं रान आजऱ्याकडं, निम्मं उतारावर. सासऱ्यांनी लावलेली काजू, वरच्या अंगाला ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, आणि मोकळं म्हणावं तिथं करवंदीच्या जाळ्या नि रानमोडी. ह्यांची नोकरी पुण्याला, त्यामुळं रान मीच बघते. गवत मारायला, वाळलेलं लाकूड खाली आणायला, शेणखत वर न्यायला माणूस मिळंना, मिळालं तर टिकंना, म्हणून जुना छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणल्यावर जो तो सल्ला द्यायला लागला, आणि सगळ्यांचं एकच, पन्नास एचपीचा घ्या, कारखाना चालू झाला की ऊसाच्या ट्रॉलीला लावता येतो. अहो पण माझ्याकडं ऊस नाही, झाडं आहेत! दोन टनाच्या आसपासचं ते धूड काजूखाली घातलं तर फांद्या मोडतीलच, पण ओल्या मातीत मुळ्यापण दबून जातील, काजूच्या बारीक मुळ्या वरवरच पसरलेल्या असतात, तिथं रोटाव्हेटरपण खोल लावायचा नाही, हे तुम्ही पहिल्याच फोनवर सांगितलंत. त्याआधी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं की रानात आहे काय.

आणि विकणारे! त्यांच्याबद्दल अजून राग जात नाही माझा. दारात गेलं की पहिला प्रश्न, "मालक कुठायत?" मी म्हणायचे मीच. मग माझ्यासंगट आलेल्या पुतण्याशी बोलायला सुरुवात, पोरगं बारावीला आहे, त्याला गिअर आणि पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट) ह्यातला फरक कळत नाही, पण सगळी माहिती त्यालाच. एकानं तर किल्लीपण त्याच्याच हातात दिली आणि मला म्हणाला ताई तुम्ही सावलीत बसा की. दुसऱ्याकडं एक दिसला, झकास, नवा रंग, नवे टायर, "डॉक्टरांचा ट्रॅक्टर हाय, नुसता बंगल्यावर उभा असायचा." मला आवडला होता तो, खोटं का सांगू.

तो बघायला तुम्ही आलात. काही बोलला नाहीत, स्क्रू ड्रायव्हर मागून घेतलात, हेडलाइटची काच काढलीत आणि आत बोट फिरवून माझ्यापुढं धरलंत. बोटावर पिवळट गाळ, पिठासारखा बारीक. मग मीटरच्या मागं तोच, फ्यूजच्या डबीत तोच. महापुरात बुडालेलं मशीन होतं ते. धुऊन पुसून चालू होतंय, पण बेअरिंग, वायरिंग, क्लच प्लेट एकेक करत जात राहणार आणि घेणारा बसणार गॅरेजच्या फेऱ्या मारत, असं तुम्ही बाहेर रस्त्यावर आल्यावर सांगितलंत. विकणाऱ्याला तोंडावर काही बोलला नाहीत, मला मात्र बोलायचं होतं. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि परत २०२१ च्या जुलैमधे शिरोळ, करवीरमधली माणसं पाण्यातनं गुरंढोरं काढत होती, बाकीचा जिल्हा भाकऱ्या बांधून पोचवत होता, आणि त्याच पाण्यातलं मशीन रंगवून दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं? ज्याचं बुडलं त्याचं वाईट वाटतं मला, पण बुडालंय एवढं सांगून विका की. कमी पैशात घेणारापण मिळेल.

मग तुम्हीच म्हणालात तासगाव मिरजेकडं बघू, द्राक्षबागेत छोटेच ट्रॅक्टर असतात. कुबोटाचा बी २४४१ काय नि महिंद्राचा जिवो २४५ काय, दोन्ही २४ एचपीचे, दोन्ही फोर व्हीलमधे मिळतात, दोन्ही चांगले, जुन्यात नाव बघायचं नसतं वैनी, कुणी कसा वापरलाय ते बघायचं. हे वाक्य मी आता चार लोकांना ऐकवते.

तिकडच्या एका द्राक्षबागायतदाराचा ट्रॅक्टर बघायला त्याच्या दारात गेलो तेव्हा तुम्ही आधी बॉनेट उघडून इंजिनला तळहात लावलात. गरम होतं. "आजच फवारणी केली" म्हणाले ते, असेलही, माणसं सरळ वाटली. तुम्ही म्हणालात आम्ही उद्या सकाळी येतो, तोवर स्टार्टर मारू नका, थंडच बघायचाय. एवढ्या लांबनं परत यायचं तर माझा जीव वर खाली, तुमचा वेळ जातोय म्हणून, पण तुमच्या कपाळाला आठी नाही.

आणि दुसऱ्या दिवशीचं ते. त्यांच्या मुलानं किल्ली आणली आणि सवयीनं तुमच्याकडं धरली. तुम्ही हात पुढं केलाच नाहीत. "त्यांच्याकडं द्या, चालवणार त्या." मग मला म्हणालात, वैनी, वर बसा. मी बसले. माझी उंची बेताची, पाय क्लचवर टेकत होता पण शेवटपर्यंत जात नव्हता, आणि मी लाजेनं ते बोलणारपण नव्हते. तुम्ही खाली वाकून बघितलंत, सीटखालचा खटका ओढलात, सीट दोन घरं पुढं सरकवलीत आणि म्हणालात, "आता दाबा. पार खाली. पोचतोय पाय? ब्रेक दाबा. आता मागं वळून बघा, पीटीओ दिसतोय का बसल्या जागेवरनं?" सगळं दिसत होतं, सगळं पोचत होतं. तिथं उभी असलेली चार माणसं गप झाली आणि त्यानंतर जे काय विचारलं ते मला विचारलं, किंमतसुद्धा.

मामा, इतके दिवस ट्रॅक्टर बघत फिरले, टायर किती टक्के, मॉडेल कितीचं, सगळं ऐकलं, पण ह्या बाईचा पाय क्लचला पोचतो का हे एका माणसाला सुचलं नाही. उतारावर क्लच अर्धवट दाबला गेला तर काय होतं हे आता चालवताना कळतंय मला. तुम्ही ते मोठं काही केलं असं दाखवलंपण नाही, पुढच्या मिनिटाला रेडिएटरच्या टोपीत तेलाचा तवंग आहे का ते बघत होता.

बाकी तपासणी तुम्ही केलीत ती मला सगळी लिहिता येणार नाही. थंड इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं, निळा धूर नाही. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं आणि आपण चहा प्यायलो, चहा संपला तरी लिफ्ट खाली आली नव्हती. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवलंत. बागेत फवारणीच्या ब्लोअरला दिवसदिवस चालतो म्हणून पीटीओच्या शाफ्टवर जास्त वेळ घालवलात, औषधानं कुठं पत्रा खाल्लाय ते बोट लावून दाखवलंत, आणि पीटीओचं सील गळत होतं तेवढं किमतीतनं कमी करून घेतलंत, ना चढा आवाज ना घासाघीस. त्या माणसानंपण लगेच मान्य केलं, त्याचेही आभार मानते.

पण खरेदी झाली म्हणजे काम संपलं असं तुम्हाला वाटलंच नाही. झाडीतलं काम वेगळं, म्हणून इंजिनच्या पोटाखाली जाड पत्र्याचं गार्ड, रेडिएटरपुढं जाळी, उतारासाठी मागची चाकं उलटी बसवून रुंदी वाढवलीत. मागं ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी कमान आहे तर बेल्ट लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही असा दम दिलात. ओंडका ओढताना साखळी खालच्या हुकलाच, वरच्या लिंकला कधी नाही, पुढचं उचललं की ट्रॅक्टर मागं अंगावर येतो, हे माझ्याकडनं दोनदा म्हणून घेतलंत. मजुरी विचारली तर गार्डचा पत्रा आणि वेल्डिंगचे तेवढे सांगितलेत.

ज्याला काम येतं त्यानं समोरच्याला घाबरवायचं ठरवलं तर लई सोपं असतं. इंजिन जाईल, क्रॅन्क जाईल, दोन शब्द इंग्रजीत टाकले की आमच्यासारखी माणसं पाकीट उघडतात. तुम्ही प्रत्येक वेळी आधी दाखवलंत आणि मग बोललात, बोट लावून, काच काढून, हात धरून. आपल्या कोल्हापुरात अशी माणसं अजून गल्लीगल्लीत आहेत, पाटी नसते त्यांची, जाहिरात नसते, एकाचं दुसऱ्याला कळत जातं एवढंच. माझ्या शेजारणीला तुमचा नंबर मीच दिलाय, रागवू नका, तिलापण पॉवर वीडर बघायचाय आणि तिलापण "मालक कुठायत" ऐकून कंटाळा आलाय.

आता इकडची खबर. वाळलेल्या लाकडाच्या खेपा झाल्या, पावसाआधी सगळं शेडमधे पडलं. काजूच्या झाडांमधनं ट्रॅक्टर बिनघोर वळतो, फांद्यांना धक्का नाही. गेल्या आठवड्यात गवतात बुडखा दिसला नाही आणि चांगला आवाज झाला, उतरून बघितलं तर गार्डला पोचा आलाय, वरती इंजिनला ओरखडासुद्धा नाही. तो पत्रा नसता तर इंजिनखालचं ऑईलचं चेंबर फुटून सगळं ऑईल तिथंच मातीत.

ट्रॉलीचा हूक बघायला येतो म्हणाला होतात, कधी येताय? येताना मामींना घेऊन या, घनसाळचा भात आणि फणसाची भाजी करते. मोठी हातोडी आणा, पोचा काढायचाय, इथली हातोडी त्याला पुरत नाही.

तुमची,
आजऱ्याची वैनी