गीझर आणि अर्थिंग

चि. राधा,
अनेक आशीर्वाद.

गीझर चालू असला की नळाला झिणझिण्या येतात, "पण थोड्याच", असं काल तू जाता जाता म्हणालीस. गीझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच, आत्ता खाली पाड. आंघोळीचं पाणी गॅसवर तापव.

बोअरच्या जड पाण्यानं एलिमेंटचं, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांबीचं, आवरण खाल्लं जातं आणि करंट टाकीत उतरतो. अर्थिंग शाबूत असेल तर तो अर्थच्या वायरीतून जमिनीत निघून जातो, नळापर्यंत येत नाही. म्हणून माझा पहिला संशय अर्थिंगवर. एमसीबीवर विसंबू नकोस. तो १६ अँपिअरच्या हिशेबानं पडतो, माणसाच्या जिवाला अँपिअरचा दहावा भागही पुष्कळ होतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीच हवा, करंट गळतोय हे ओळखून तो लाइन तोडतो.

वायरमन आला की समोर उभी राहा. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, म्हणून डीबीपासून, म्हणजे एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डापासून, त्याची लाइन स्वतंत्र हवी: २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. लाइटच्या १.५ च्या वायरीवरून जोड घेतला असेल तर काढायला लाव. बाथरूमबाहेर २० अँपिअरचा डीपी स्विच हवा, तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. ६ अँपिअरच्या सॉकेटात कन्व्हर्टर लावून गीझरचा मोठा प्लग खुपसलेला चालणार नाही. पिना तापून प्लास्टिक तपकिरी पडतं. एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणी ३२ चा बसवू म्हणालं तर साफ नाही म्हण, मग आधी वायर जळते.

आणि अर्थिंग. सॉकेट उघडायला लावून स्वतः बघ. काहीजण न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून मोकळे होतात. गीझर छान चालतो, पण मागे कुठं न्यूट्रल तुटला की टाकी आणि नळ थेट २३० व्होल्टवर.

फार लेक्चर झालं, रागावू नकोस. आई म्हणते, तिला सगळं कळतं. कळतंच. आठवीत असताना इस्त्रीचा प्लग तूच बसवलास, हिरवी वायर बरोबर मोठ्या पिनेला, आणि तात्या तो प्लग शेजारीपाजारी दाखवत फिरले. तरी अंगावर पाणी असताना माणूस काय करू शकतो, गं?

घरमालक खर्चाला कुरकुरले तर पैसे मी पाठवतो, भाड्यात वळते करायचं नंतर पाहू. आरसीसीबी बसला की त्यावरचं टेस्ट बटण दाब, खटकन पडला पाहिजे. पुढेही दर महिन्याला दाबत जा. पण त्या बटणानं फक्त आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. ते वायरमनकडून वेगळं तपासून घे आणि मगच मला फोन कर.

तुझे,
बाबा