मदत कक्षाच्या खिडकीमागच्या ताईंना

आदरणीय ताई,

पत्रात तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्यापासून खिडकीपुढची रांग दुप्पट होईल, आणि तुमचा जेवणाचा डबा आत्ताच चार वाजता उघडतो.

पुण्यातल्या एका क्षेत्रीय कार्यालयात, आवास योजनेच्या मदत कक्षात बसून तुम्ही हाताने लिहिलेल्या एका पानाची झेरॉक्स प्रत्येकाला देता. गृहकर्जाच्या फाइली तयार करणं हे आमचं रोजचं काम. आता प्रत्येक फाइलीत सर्वांत वर तेच पान लागतं. हे आभार त्या पानाचे आणि ते फुकट समजावून सांगणाऱ्या तुमचे.

पानाच्या डोक्यावर लाल शाईत लिहिलंय : ‘१,८०,००० हातात येत नाहीत.’ या एका ओळीने किती घरांची बुकिंगची रक्कम वाचली असेल! प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधलं व्याज अनुदान लोकांच्या कानावर जातं ते एवढंच, की पहिल्या घराला सरकार पावणेदोन-दोन लाख देतं. मग माणूस तेच पैसे डाउन पेमेंटमध्ये धरून बिल्डरकडे जातो. प्रत्यक्षात अनुदान मोजलं जातं पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर, ४ टक्क्यांनी, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी. ते जास्तीत जास्त १.८० लाख मिळतं, तेही पाच वार्षिक हप्त्यांत आणि थेट कर्जखात्यात. म्हणजे पूर्ण अनुदान बसलं तरी वर्षाला ३६,००० रुपये, आणि तेही कर्ज उचलल्यानंतर. बुकिंगच्या दिवशी त्यातला एक रुपयाही नसतो.

त्याखालचा तुमचा हिशेब इथे जसाच्या तसा उतरवतो. घर ३० लाखांचं. कर्ज २५ लाख, कारण योजनेत कर्जाची मर्यादा तेवढीच आहे (घराची ३५ लाख). घरचे ५ लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे १.८० लाख. नोंदणी फी ३०,०००. इमारतीचं काम चालू असेल तर परवडणाऱ्या घराचा १ टक्का जीएसटी, आणखी ३०,०००. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळालेल्या घराला तो लागत नाही. बेरीज ७.४० लाख. एवढे पैसे आधी घरातूनच उभे करायचे, कारण १० लाखांच्या वरच्या घराला बँक मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून कर्ज देऊ शकत नाही. सरकार पाच वर्षांत जे देणार, नेमकं तेवढंच एका दिवसात मुद्रांक शुल्कात जातं. हे दिसावं म्हणूनच तुम्ही ३० लाखांचं उदाहरण घेतलंत, अशी आम्हाला दाट शंका आहे.

त्या ६ टक्क्यांपुढे तुम्ही फुली मारून समासात लिहिलंय : ‘फक्त बाईचं नाव असेल तर.’ सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. योजनेला घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर चालतं. राज्याची महिलांसाठीची १ टक्का सवलत मात्र खरेदीदार फक्त महिला असतील तरच मिळते. करारनाम्यात नवऱ्याचं नाव आलं की पुण्यात ७ टक्के, म्हणजे याच घरावर ३०,००० जास्त. बँकेला पगारवाला नवरा हवा असतो, म्हणून बिल्डरच्या ऑफिसात सवयीने दोघांची नावं टाकली जातात. कर्जात सहकर्जदार असलेला माणूस घराचा सहमालक असलाच पाहिजे असं नाही. मात्र काही बँका तसा आग्रह धरतात, म्हणून आधी विचारायचं. मालकी नसली तर नवऱ्याला व्याजावर कर-वजावट मिळत नाही हे खरं. पण योजनेत बसायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आतच असावं लागतं, आणि नव्या कररचनेत तेवढ्या पगारावर तसाही कर बसत नाही. उलट नुसतं नवऱ्याच्या नावावर दस्त नोंदवला, तर बायकोचं नाव घालायला पुन्हा दस्त, पुन्हा खर्च. शिवाय शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. स्वस्तात मिळालेल्या घराचे मालक हे नेहमी विसरतात.

पानाच्या मधोमध चौकटीत आहे : ‘आधी उतारा, मग बुकिंग.’ देशात कुठेही पती, पत्नी किंवा अविवाहित मुलं यांच्यापैकी कुणाच्याही नावावर पक्कं घर नको, आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. समोरचा छातीठोकपणे सांगतो, ‘माझं कुठेच घर नाही.’ तो खोटं बोलत नसतो. वडील गेल्यावर गावच्या घराला वारसनोंद झालेली असते, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, भावांच्या ओळीत त्याचंही नाव चढलेलं असतं. त्याला ते माहीतच नसतं. स्वयंघोषणापत्रावर सही त्याची, आणि पुढे चौकशीत निघालं तर उत्तरही त्यालाच द्यायचं. ग्रामपंचायतीतून उतारा काढायला फार खर्च येत नाही. तो तुम्ही पहिल्याच भेटीत मागता म्हणून लोक कुरकुरतात. आम्हीसुद्धा कुरकुरलो होतो.

बुकिंगच्या पावतीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, तेवढं पुरतं. रेरा कायद्यानुसार (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ३० लाखांच्या घराला ही रेघ ३ लाखांवर पडते.

मागच्या बाजूला ‘कर्ज मिळाल्यावर’ असं शीर्षक आहे. हा भाग इतर कुणी सांगताना आम्ही ऐकला नाही. हप्ता सुटताना कर्जखातं चालू असावं लागतं, थकीत नसावं लागतं, आणि मुद्दलातलं ५० टक्क्यांहून जास्त शिल्लक असावं लागतं. आपल्याकडे कर्ज म्हणजे डोक्यावरचं ओझं. दागिने मोडून, गावची जमीन विकून ते लवकर उतरवण्यात भूषण मानतात. २५ लाखांच्या कर्जाची बाकी १२.५ लाखांवर आली की उरलेले हप्ते बंद. फेडू नका असं तुम्ही म्हणत नाही. किती फेडायचं आणि कोणत्या महिन्यात, हे अनुदानाची तारीख बघून ठरवा, एवढंच म्हणता. दुसरी सूचना मंजुरीपत्राबद्दल आहे. विम्याचा हप्ता कर्जातच मिळवला तर २५ लाखांची मंजुरी २५ च्या वर सरकते आणि अर्ज तिथेच अडकतो. विमा जरूर घ्यावा, पण हप्ता वेगळा भरावा. आणि १ सप्टेंबर २०२४ च्या आधीचं कर्ज यात बसत नाही, मग दलाल काहीही म्हणो.

बँक निवडतानाही तुमची एक अट आहे. ती बँक किंवा वित्तसंस्था राष्ट्रीय आवास बँक, हुडको किंवा स्टेट बँक यांच्यापैकी एकीशी या योजनेसाठी जोडलेली आहे का, हे मंजुरीच्या आधी लेखी विचारायचं. व्याजदर पाव टक्क्याने कमी म्हणून न जोडलेल्या संस्थेकडे गेलेल्या फाइलीसाठी नंतर काही करता येत नाही.

म्हाडाच्या सोडतीबद्दल पानावर काहीच नाही, आणि खिडकीवर रोज त्याबद्दलच विचारतात. तेव्हा तळाशी एक ओळ घाला असं सुचवतो. पुणे महानगर प्रदेशात म्हाडाच्या सोडतीसाठी ६ लाखांपर्यंतचं वार्षिक कौटुंबिक उत्पन्न म्हणजे अत्यल्प गट; केंद्राच्या व्याज अनुदानात अत्यल्प गट ३ लाखांवरच संपतो. साडेपाच लाखवाला एकीकडे अत्यल्प, दुसरीकडे अल्प. एका अर्जातला गट बघून दुसऱ्यात तोच भरला की फाइल परत येते.

ही ओळ घालून पानाच्या दोनशे नव्या प्रती या पत्रासोबत पाठवत आहोत. अक्षर तुमचंच ठेवलंय, लाल ओळही लालच. फक्त ‘मुद्रांक’ मधला पुसट झालेला रफार... नव्हे, अनुस्वार तेवढा गडद केलाय.

आपले,
कर्जाच्या फाइलींत बुडालेले काही जण